भूम आणि ‘वाळीत’ या शब्दाची कुळकथा

तुळजापूर पाहिलें काय, पंढरपूर झालें काय, असें आपण एकमेकांस विचारतों. भूम पाहिलें काय, असें कोणी कोणास विचारीत नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव सहज वाटेवर पडणारें नव्हे. तेथें मुद्दाम जावें लागतें. बार्शीपर्यंत आगगाडी आहे, पुढें उत्तरेकडे मोटारीचा रस्ता. बार्शी मागें पडली कीं ज्वारीचीं काळीं रानें लागतात आणि हळूहळू बालाघाटाचे उघडे माळ व सपाट माथ्याच्या टेकड्या दिसूं लागतात. गांवाजवळून बाणगंगा वाहते. पाऊस बेताचा, जमीन बरीचशी हलकी, म्हणून येथील शेतकऱ्यानें दुभत्या जनावरांचा आश्रय धरला आहे. तालुक्यांत खव्याच्या भट्ट्या जागोजाग आहेत. मोठ्या कढईंत दूध आटत असतें आणि त्याचा खरपूस वास रस्त्यावरून जाणाऱ्यालाहि थांबवितो. येथील खवा दूरदूरच्या शहरांतील हलवायांकडे जातो.

हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. जिल्ह्याचें उस्मानाबाद हें नांव २०२३ सालीं बदलून धाराशिव असें झालें. शब्द बदलला म्हणजे वस्तु बदलते काय, हा प्रश्न येथें अनायासेंच मनांत येतो. आणि आमचा या खेपेचा मुक्काम तर एका शब्दाच्याच विचारांत गेला.

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही चार दिवस भूमला होतों. आमचे एक जुने विद्यार्थी तेथें राहतात. त्यांच्या धाकट्या मुलाची मुंज योजिली होती आणि निमंत्रणपत्रिकेचा मसुदा व याद्या या कामीं आमची मदत त्यांना हवी होती. थोरला मुलगा महाविद्यालयांत इतिहास शिकतो. यूरोपच्या इतिहासांत ‘एक्स्कम्युनिकेशन’ हा शब्द त्याला अडला होता. मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकास पोपनें १५२१ च्या जानेवारींत हीच शिक्षा दिली. मुलानें कोश उघडला, तों ‘बहिष्कार’ आणि ‘वाळीत टाकणें’ असे दोन प्रतिशब्द मिळाले. त्यानें आम्हांस विचारलें, “गुरुजी, चर्चमधून काढणं आणि गांवानं वाळीत टाकणं हें एकच का?”

प्रश्न चांगला होता. संध्याकाळीं आम्ही त्याच्यासह आलमप्रभूंच्या दर्शनास निघालों आणि वाटेंत शब्दाची फोड करूं लागलों. मूळ शब्द लॅटिन. ‘एक्स्’ म्हणजे बाहेर. ‘कॉम्युनिस’ म्हणजे सामाईक, सर्वांच्या वांट्याचें. त्यावरून ‘कॉम्युनिओ’ म्हणजे सहभाग. ख्रिस्ती धर्मांत हा सहभाग एका पवित्र भोजनाचा असतो. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर व द्राक्षारस उपासक वांटून घेतात. आपले मराठी ख्रिस्ती बंधु त्यास ‘प्रभुभोजन’ म्हणतात आणि उपासकांच्या समुदायास ‘मंडळी’. तेव्हां एक्स्कम्युनिकेशन म्हणजे प्रभुभोजनाच्या पंक्तीतून उठविणें. इतकें सांगतांच मुलगा म्हणाला, “मग हें आपल्या अपांक्तेय शब्दासारखंच झालं.” होय. ज्याला पंक्तीला घ्यावयाचें नाहीं तो अपांक्तेय. दोन धर्म, दोन भाषा, परंतु शिक्षा देतांना दोघांनाहि प्रथम जेवणाचें पान आठवलें. उत्तरेंत ‘हुक्कापाणी बंद’ म्हणतात, आपल्याकडे ‘रोटीव्यवहार बंद’ म्हणतात; सर्वांचा मथितार्थ एक, कीं मनुष्य समाजांत आहे याची खूण म्हणजे त्याच्या हातचें चालणें.

आलमप्रभु हें भूमचें ग्रामदैवत. या नांवानें बाराव्या शतकांतील अल्लमप्रभूंचें स्मरण सहज होतें. बसवेश्वरांनीं कल्याण येथें, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, शिवभक्तांची जी सभा भरविली तिला अनुभवमंटप म्हणत, आणि तिचें अध्यक्षपद अल्लमप्रभूंकडे होतें. त्या सभेंत जात विचारून आसन मिळत नसे. परंपरा अशी सांगते कीं, हरळय्या नांवाच्या चर्मकार शरणाच्या मुलाशीं मधुवरस या ब्राह्मण शरणानें आपली मुलगी दिली. बिज्जल राजानें दोघां पित्यांस देहान्त शिक्षा दिली, आणि कल्याणांत जो दंगा उसळला त्यांत ती सभा विस्कटली. ज्या सभेनें कोणालाहि बाहेर ठेविलें नाहीं, तिलाच शेवटीं गांव सोडावें लागलें. देवळाच्या पायरीवर बसून ही हकीकत सांगतांना आम्हांस हा योग विलक्षण वाटला.

परत येतांना मराठी शब्दांकडे वळलों. ‘बहिष्कार’ हा तर स्वच्छ संस्कृत. बहिस् म्हणजे बाहेर, आणि कृ धातु. बाहेर करणें, एवढाच त्याचा अर्थ. ‘वाळीत’ मात्र पुष्कळांना चकवितो. कित्येक जण त्याचा संबंध सुकण्याशीं लावतात. उन्हांत टाकलेल्या कुरडया त्यांच्या डोळ्यांपुढें येतात. परंतु कुरडया ‘वाळत’ टाकतात, ‘वाळीत’ नव्हे. जुन्या मराठींत ‘वाळणें’ असें दुसरें एक क्रियापद होतें. वर्ज्य करणें, त्यागणें, जातीबाहेर काढणें असा त्याचा अर्थ. तें क्रियापद बोलण्यांतून गेलें, हें एक रूप तेवढें उरलें. तिसरा शब्द ‘ग्रामण्य’. ग्रामणी म्हणजे गांवचा पुढारी. त्यावरून आलेला हा शब्द पुढें ज्ञातीच्या हक्कांविषयींचे व वाळीत टाकण्याविषयींचे तंटे यांना लागला. अशा तंट्यांचा इतिहास केशव सीताराम ठाकरे यांनीं १९१९ सालीं पुस्तकरूपानें मांडला.

‘बहिष्कार’ शब्दाचा पुढला प्रवास आणखी गंमतीचा आहे. आयर्लंडांत मेयो परगण्यांत चार्ल्स बॉयकॉट नांवाचा जमीनदाराचा कारभारी होता. १८८० सालीं कुळांनीं त्याच्याशीं सर्व व्यवहार तोडला. त्याचें पीक कापावयास मजूर मिळेना, दुकानदार माल देईना. त्याच्या आडनांवाचेंच इंग्रजींत क्रियापद झालें. १९०५ च्या वंगभंगानंतर परदेशी मालावर तेंच शस्त्र उगारलें गेलें तेव्हां त्यास मराठी शब्द हवा होता, आणि आपल्या लोकांस नवीन शब्द घडवावा लागला नाहीं. ज्ञातिसभेंतला जुना ‘बहिष्कार’ तयारच होता. स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या ओळींत तो मानानें जाऊन बसला.

गंमत अशी कीं, त्यापूर्वीं पंधराच वर्षें हा शब्द टिळकांवरच उगारला गेला होता. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें व त्यानंतर पाहुण्यांपुढें चहा आणि बिस्किटें आलीं. पाहुण्यांत रानडे व टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्याला हात लावला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं त्या मंडळींचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापून आणलीं आणि पुण्यांत वादळ उठलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. त्यांच्या वतीनें १८९२ सालीं चौकशी झाली. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं इतर मंडळींसाठीं प्रायश्चित्त पत्करिलें व त्याबद्दल आपल्याच सुधारक मित्रांचा रोष ओढवून घेतला. एका पेल्यासाठीं इतकें झालें.

हें सर्व ओसरीवर चाललें असतां यजमानांच्या मातोश्री आंत वाती वळीत बसल्या होत्या. वय ऐंशींच्या घरांतलें. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, बाहेर काढायचं शास्त्रांत लिहिलंय, तर आंत घ्यायचंहि लिहिलं असेल कीं.”

यजमान एकाएकीं गप्प झाले. मग हळूहळू हकीकत निघाली. त्यांच्या धाकट्या बहिणीनें पंचवीस वर्षांपूर्वीं जातीबाहेर लग्न केलें. वडील कडक होते; त्यांनीं घरांत तिचें नांव काढावयाची बंदी केली. वडील गेले, बंदी राहिली. मुंजीच्या यादींत पावणेदोनशें नांवें होतीं, त्यांत सख्ख्या आत्याचें नांव नव्हतें. मातोश्री म्हणाल्या, “तिच्या नांवानं आंघोळ केली ह्यांनी. मलाहि करायला लावली. पाणी कढत होतं, एवढं आठवतं.”

नांवानें आंघोळ करणें हा वाक्प्रचार आपण रागाच्या भरांत सहज वापरतों. त्याच्या तळाशीं केवढा विधि आहे हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत तो सांगितला आहे. पतित झालेला मनुष्य जिवंत असतांनाच त्याचे नातलग गांवाबाहेर, सायंकाळीं, अशुभ दिवशीं, गुरु व ऋत्विज यांच्यासमोर त्याला मृताप्रमाणें उदक देतात. दासी पाण्यानें भरलेला घट पायानें लवंडते. नातलग एक दिवस व एक रात्र अशौच पाळतात. त्यानंतर त्याच्याशीं बोलणें, एकत्र बसणें, त्यास वारसा देणें, सर्व बंद. या विधीस पुढील ग्रंथकार घटस्फोट म्हणतात. आज आपण नवराबायकोच्या काडीमोडीस जो शब्द लावतों तो मूळचा येथला आहे. चर्चच्या शब्दास शास्त्रांतला खरा जोड शोधावयाचा तर तो ‘बहिष्कार’ नव्हे, ‘वाळीत’हि नव्हे, तो ‘घटस्फोट’.

परंतु अध्याय तेथें संपत नाहीं. प्रायश्चित्त झाल्यावर काय करावें हें लगेच पुढें सांगितलें आहे. पुण्य जलाशयांत नातलगांनीं त्याच्यासह स्नान करावें आणि पाण्यानें भरलेला नवा घट पाण्यांत टाकावा. मग त्यानें आपल्या घरीं जावें आणि ज्ञातिकर्में पूर्वीप्रमाणें करावीं. वाचकांनीं एक बारकावा लक्षांत घ्यावा. हें स्नान त्यानें एकट्यानें करावयाचें नाहीं. ज्यांनीं त्याला टाकलें त्यांनींहि त्याच पाण्यांत उतरावयाचें. आणि स्त्रियांविषयीं तर आणखी एक वचन आहे. पतित ठरविलेल्या स्त्रीसहि अन्न, वस्त्र व पाणी द्यावें, आणि तिला घराजवळच राहूं द्यावें. टाकण्याचा अधिकार सांगणारे पुष्कळ भेटतात. हें वचन सांगणारा आम्हांस क्वचितच भेटला.

चर्चच्या नियमांतहि परतीची वाट आहे. त्यांचें धर्मशास्त्र या शिक्षेस औषधाच्या जातीची शिक्षा मानतें. रोगी बरा व्हावा हा तिचा हेतु, मरावा हा नव्हे. जर्मन राजा चौथा हेन्री यास पोप सातव्या ग्रेगरीनें बहिष्कृत केलें, तेव्हां १०७७ च्या जानेवारींत तो आल्प्स ओलांडून कानोसाच्या किल्ल्यापुढें आला, तीन दिवस बर्फांत अनवाणी ताटकळला, आणि अखेर दार उघडलें. आपल्याकडे नेताजी पालकर मोंगलांच्या कैदेंत बाटला, मुहंमद कुलीखान झाला. १६७६ सालीं शिवाजीमहाराजांनीं त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेतलें. १८४३ सालीं मुंबईंत नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. मराठवाड्यांत जालन्याजवळ बेथेल हें गांव पुढें त्यानेंच वसविलें. त्याचा लहान भाऊ श्रीपत यास मिशनऱ्यांकडून न्यायालयानें आईबापांच्या हवालीं केलें, तेव्हां त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनीं सोसला. दार उघडण्यास सोसावें लागतें तें असें.

इतकें झाल्यावर थोरल्या मुलानें जो प्रश्न केला तो आमच्या मतें त्या चार दिवसांतला सर्वांत मोलाचा. तो म्हणाला, “गुरुजी, घडा फोडायला माणूस आधीं घरांत असावा लागतो. ज्यांना कधीं आंत घेतलंच नाहीं, त्यांचा घडा कोणी फोडला?”

त्यांचा घडा कोणीं फोडला नाहीं, कारण त्यांना पाणवठ्याजवळ घडा नेऊंच दिला नव्हता. डॉ. आंबेडकरांनीं हा ‘बहिष्कृत’ शब्द उचलला तो याच अर्थानें. १९२४ सालीं बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. १९२७ च्या मार्चांत महाडचें चवदार तळें, आणि लगेच ३ एप्रिल रोजीं ‘बहिष्कृत भारत’ हें पत्र. याच धाराशिव जिल्ह्यांत कसबे तडवळें येथें १९४१ च्या फेब्रुवारींत महार-मांग समाजाच्या परिषदेस ते आले होते. एकट्या मनुष्यास टाकण्याचें कांहींतरी कारण सांगावें लागे. अख्ख्या वस्तीस गांवाबाहेर ठेवण्यास कारणहि सांगावें लागलें नाहीं. अशा ठिकाणीं प्रायश्चित्त कोणाचें? दोष ज्याचा त्याचें, हाच शास्त्राचा नियम. आणि येथें दोष टाकणाऱ्याचा आहे. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदानें १९५० सालीं अस्पृश्यता रद्द केली, ती एका अर्थीं त्या प्रायश्चित्ताचा संकल्प होय. संकल्पावर कर्म संपत नसतें.

कायद्यानें जातींतून टाकण्यास बंदी घालण्याचा पहिला यत्न मुंबई राज्यानें १९४९ सालीं केला. भूम त्या वेळीं हैदराबाद राज्यांत असल्यानें तो कायदा येथवर आलाच नाहीं. पुढें १९६२ सालीं, दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला. पंथास आपलें धर्मकार्य चालविण्याचा अधिकार आहे आणि त्यांत काढून टाकण्याचाहि येतो, असा बहुमताचा आशय होता. त्यानंतर अर्धशतकानें महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो २०१६ सालीं विधिमंडळांत संमत होऊन ३ जुलै २०१७ पासून अंमलांत आला. जातपंचायतीनें कोणाचें लग्नकार्य, देऊळ, पाणी वा व्यवहार बंद केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही.

परंतु आमच्या यजमानांच्या घरांत पंचायत बसली नव्हती. कोणी ठराव केला नव्हता, दंड सांगितला नव्हता. एक नांव घ्यावयाचें थांबलें, एवढेंच. त्यावर कोणता फौजदार येणार? जातीबाहेरच्या विवाहास १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याची आडकाठी नाहीं, आणि त्या मुलीनें पातक केलें असें म्हणावयास शुद्ध विवेकाचा आधार नाहीं. मग प्रायश्चित्त तिनें तरी कशाचें घ्यावें? आम्हीं यजमानांस एवढेंच म्हटलें, “घट तुम्ही लवंडला आहे. नवा घट भरण्याचें काम तुमचें.”

ते बराच वेळ बोलले नाहींत. नंतर यादी पुढें ओढून त्यांनीं आईस बहिणीचा पत्ता कोणाजवळ मिळेल असें विचारलें. मातोश्रींनीं तो तेथल्या तेथें तोंडपाठ सांगितला, पिनकोडासकट.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तालुक्यांतील कुंथलगिरीस गेलों. देशभूषण व कुलभूषण हे मुनि जेथें मोक्षास गेले असें जैन मानतात तें हें सिद्धक्षेत्र. टेकडीवर मंदिरें आहेत, वारा चांगला आहे, खालीं पेढ्यांचीं दुकानें आहेत. येथेंच १९५५ सालीं आचार्य शांतिसागर यांनीं सल्लेखना घेतली, आणि १८ सप्टेंबर रोजीं देह ठेविला. अन्न, वस्त्र, घर, सर्व त्यांनीं आपण होऊन सोडलें होतें. सोडणारा वंद्य होतो, ज्याचें सोडवून घेतलें जातें तो दीन होतो. बाहेर दोघेहि असतात. परंतु एक स्वतः निघालेला आणि दुसरा काढलेला, हा भेद त्या टेकडीवर फार स्पष्ट जाणवतो.

वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मुंजीच्या, लग्नाच्या याद्या याच दिवसांत होत असतील. ग्रामण्याचे दिवस गेले असें आपण म्हणतों आणि तें खरेंहि आहे. तरी यादी पुरी झाल्यावर घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीस ती एकदां वाचून दाखवावी, आणि कोणतें नांव राहिलें तें तिला विचारावें.